शंखाला हात लावू नकोस

विबके पोरी,

अँब्युलन्स खाली आलीये, म्हणून घाईत लिहितेय. छातीत दुखतंय, पण आधी मासे. टाकीतला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा भुंगामासा शंखात बसलाय. मेला समजून शंख बाहेर काढू नकोस, तो अंडी राखतोय. मगरीला पळवून लावणारं घराणं आहे त्याचं, माझ्या गोष्टीतलं! बाकीचे कोरडं खाद्य थुंकून टाकतात. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी अळ्या आहेत, त्या वितळव आणि चिमट्याने त्यांच्या तोंडासमोर हलव. हलणारं तेवढंच खातात, लबाड कुठले. पाणी बदललंस तर समुद्री मीठ घाल.

आणि तुझ्या बापाला फोन कर. "आईची आणखी एक थाप," म्हणून हेनिंग हसेल. त्याला हसू देऊ नकोस. कीलहून आत्ताच निघायला सांग.

तुझी आजी