घरटं रिकामं नाही

४ तारीख, सोमवार

रिकामं म्हणे! घरटं रिकामं! कागदावर ठोकून दिलं की साहेब मोकळे. मोठ्या झाडाला लाल पट्टा मारलाय, शनिवारी तोडणार. रस्ता रुंद करायचाय ना! घरट्यात बाज असला तर पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, हा साहेबांच्याच जंगलखात्याच्या ऑफिसचा नियम. मी तिथली भांडी घासणारी, मला अक्कल नाही — मान्य. पण रोज त्या झाडाखाली झाडते मी! आजही ताजी हिरवी डहाळी पडली होती. हा बाज पिल्लांखाली ओला पाला अंथरतो. रिकाम्या घरात अंथरूण कोण घालतं?

५ तारीख, मंगळवार

साहेबांना म्हटलंच. चहा फुंकत म्हणाले, "बाई, बाज असता तर वर घिरट्या घालताना दिसला असता." अहो, हा घिरट्या घालणाऱ्यातला नाहीच! आखूड पंख, लांब शेपूट, गर्द झाडीतून सुळकन जातो. म्हणून तर कुणाला माहीत नाही. वर म्हणतात, "तुमच्या यजमानांनीच पाहून सांगितलंय."

आमचे हे जंगलाचे राखणदार, बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी हे घरटं शोधलं ह्यांनीच! संध्याकाळी विचारलं, तर म्हणतात, "काही नाही तिथं. डोकं खाऊ नकोस." रस्त्याच्या ठेकेदाराला विकले गेलात का, म्हटलं. ताट सारून उठले.

६ तारीख, बुधवार

बोलणं बंद. भाजीत मीठच घातलं नाही. ह्यांनी तशीच गिळली.

७ तारीख, गुरुवार

सकाळी हाताला धरून नेलं झाडाखाली. लख्ख ऊन. मादी घरट्याच्या काठावर, पोटावर पट्टे, चोचीत सरडा. पुढ्यात दोन पांढरी डोकी. म्हटलं, "बघा! आता बोला!"

हे भलत्याच फांदीकडे बघत होते.

"तिकडे कुठं? इकडे!"

मान वळवली — पुन्हा भलतीकडेच. म्हणाले, "हो, दिसलं."

"किती पिल्लं?"

"एक." मग हळूच, "दोन आहेत का गं?"

कधीपासून, विचारलं. "मागच्या पावसाळ्यापासून. नुसतं धुकं दिसतं. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल."

आणि मी ह्या माणसाला विकले गेलात म्हटलं!

८ तारीख, शुक्रवार

उजाडताच भांडी बांधायला घेतली. हे दारात उभे. म्हटलं, क्वार्टर सुटलं तर सुटू दे, आधी डोळ्यांचा दवाखाना गाठू. पण करवत उद्या सातला येते. साहेबांना तुम्ही सांगताय की मी सांगू? आज दुपारी बाराच्या आत बोला!