काठावरचा रणगाडा

मैंदर्गी, ५ जानेवारी २०२५

चि. बाळासो यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडील सर्व ठीक. फोनवर मला नीट रागावता येत नाही, म्हणून कागद घेतला. सृष्टीच्या रुखवतात रणगाडा मांडायचा आहे आणि तो तू तुझ्या लेथवर करतो आहेस, हे मला तुझ्या अक्काकडून कळलं. तीस वर्षं मी गावच्या लेकींच्या रुखवताला पाळणे, चौरंग, देव्हारे करून दिले. माझ्या लेकीला मात्र मामा आठवला.

कॉलेजची चार वर्षं ती सोलापुरात तुझ्या घरी राहिली, तुझ्या वर्कशॉपात रमली. चांगलंच झालं. पण इंजिनं, रणगाडे हे सगळं तुझ्याशी. मला फोनवर फक्त जेवलात का, एवढंच विचारते. मी जेवतो, बाळासो. रोज जेवतो.

आणि मंगलकार्यात लढाईचं यंत्र कशाला? गुरुवारी अक्कलकोटला स्वामींपुढे बसलो, तिथंही हेच डोक्यात.

लोभ आहेच, लेकीचा थोडा इकडेही वळता करावा.
तुझा दाजी,
कुंडलिक

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

ती. दाजी यांस,
बाळासोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शेंगाचटणीच्या डब्यातून आलं. चटणीपेक्षा पत्रच तिखट निघालं की!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा रणगाडा काढला. नाव माउस, म्हणजे उंदीर; वजन एकशे अठ्ठ्याऐंशी टन. एवढं धूड पेलणारे पूलच नव्हते. दोनच तयार झाले, ते चाचण्यांतच अडकले. सृष्टीचा कॉलेजातला प्रकल्प यावरच होता. मीही तिला विचारलं, लग्नात हे कशाला? तर म्हणते, मामा, कुणाला न मारता संपला तो, मग शोभंल की लग्नात. मग मी लेथ सुरू केला.

खरं सांगू? हेवा तर मला तुमचा वाटतो. चार वर्षं डबा मी दिला, स्कूटर मी शिकवली. पण ताप चढला की ती अप्पा, अप्पा म्हणूनच कण्हायची.

रणगाडा नऊ किलोचा झालाय. टेबल दणकट बघा.

लोभाची वाटणी तुम्हीच करावी.
आपला,
बाळासो

मैंदर्गी, २६ जानेवारी २०२५

चि. बाळासो यास,
अनेक आशीर्वाद.

लेक तापात माझं नाव घेते आणि मला ते आज कळतं? तुझ्या पत्रानं राग निवायला हवा होता, वाढला.

मीही एक रणगाडा केला आहे. जुन्या बैलगाडीच्या बाभळीच्या आऱ्यांचा. तुझ्या रणगाड्याचा फोटो अक्काच्या मोबाइलवर चोरून पाहिला. माझी तोफ फिरते, तुझी फिरत नाही. देवाला सांगून टाकलं, मनात हेवा आहे, पण कामात खोट नाही. आता दोन्ही शेजारी मांडू. लेक कुठला नेते ते बघू.

तूर्त लोभ कमी समजावा.
कुंडलिक

मैंदर्गी, १८ फेब्रुवारी २०२५

चि. बाळासो यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

लग्नात पाहुण्यांनी माझ्या तोफेचं कौतुक केलं तेव्हा मी तुझ्याकडे बघून हसलो, ते चुकलं. पाठवणीला तिनं तुझा रणगाडा मांडीवर घेतला आणि बार्शीच्या गाडीत बसली. माझा टेबलावरच राहिला. तो न बघताच पोत्यात घातला आणि तुला निरोप न देताच मी निघून आलो. दोन दिवस तो पोत्यातून काढलासुद्धा नाही.

काल काढला. मागच्या बाजूला तिनं लांब वायर बांधून ठेवली होती, सोबत चिठ्ठी. लिहिलं होतं की पूल पेलेना म्हणून माउस नदीच्या तळावरून नेणार होते. पण पाण्याखाली इंजिन चालत नाही. म्हणून दुसरा माउस काठावर उभा करायचा आणि त्यानं वायरीतून पाण्यातल्याच्या मोटारींना वीज द्यायची. मामाचा मी पाण्यात नेते, अप्पा, तुम्ही काठ सोडू नका.

वाचत होतो तेवढ्यात तिचा फोन आला. जेवलात का, विचारत होती. पहिल्यांदाच मी तिला काय काय जेवलो ते सगळं सांगितलं.

रणगाडा देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. बघायला ये. पण वायरीला हात लावायचा नाही.

लोभ पुन्हा पूर्ववत.
तुझा दाजी,
कुंडलिक