बिजली म्हशीविरुद्ध माझा क्लेम

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५. संध्या. ७.४०
एकतीस वर्षांच्या निष्कलंक ड्रायव्हिंगवर आज एका म्हशीने पाणी फिरवलं.
गंगावेशला धारोष्ण दूध प्यायला गेलो होतो. दूधकट्ट्याशेजारी गाडी लावली, इंजिन चालू होतं. तेवढ्यात समोर बांधलेली एक म्हैस दाव्याला हिसका देऊन सुटली आणि थेट माझ्या गाडीवर आली. डावा दरवाजा चेपला. त्यानंतर गाडी थोडी मागे गेली. मागे भिंत होती. ती तिथे असायचं काही कारण नव्हतं. डिकी, बंपर, टेललाईट, सगळं गेलं.
लोक हसले. दुसऱ्याचं नुकसान म्हणजे कोल्हापूरकरांना फुकटचा सिनेमा. म्हशीचा मालक बाळासो म्हणाला, पावणं, बिजली लय गरीब हाय, ती नुसती वास घ्यायला आलती, तुम्ही गाडी मागं कशाला रेमटली? म्हशीचं नाव बिजली. यावरून मालकाची लायकी कळते. मी तशीच गाडी काढली. दूधही प्यालो नाही.
निश्चय: इन्शुरन्सवाल्यांकडून आठ दिवसांत पूर्ण भरपाई.

शुक्रवार, १२ सप्टें.
हेल्पलाईनला फोन. वीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने हिंदीत विचारलं, धडक कशाशी झाली? म्हैस, म्हणालो. तिने विचारलं, टू-व्हीलर की फोर-व्हीलर? मी म्हणालो, चार पाय आहेत. तिने फोर-व्हीलर लिहिलं. असल्या लोकांच्या हातात देशाचा विमा आहे.
घरी क्रांतीने विषय काढला. क्रांती म्हणजे आमची मुलगी. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत इंजिनिअर आहे, त्यामुळे आपल्याला गाडीतलं कळतं असा तिचा समज. म्हणाली, पप्पा, सायलेन्सर दुरुस्त करा म्हणून महिनाभर सांगतेय. सायलेन्सरचा आणि म्हशीचा संबंध काय? रंकाळ्याजवळच्या स्पीडब्रेकरवर पाईप निसटला, तो मी स्वतः तारेने बांधला. आवाज थोडा वाढला, पण इंजिन मोकळा श्वास घेतं.
मग ही मध्ये पडली. म्हणाली, वर्षात तिसऱ्यांदा ठोकलीय. आता जो क्लेम पास करून आणेल त्याच्याकडे गाडीची चावी, कायमची. मी हसून मान्य केलं. पाटबंधारे खात्यात मी फायली हलवल्या आहेत, या दोघींनी काय हलवलंय?
(आधीच्या दोन वेळा ठोकली नव्हती. घासली होती.)

शनिवार, १३ सप्टें.
गाडी उद्यमनगरात हुसेनच्या गॅरेजला नेली. हुसेन चांगला मेस्त्री आहे, पण तोंड बंद ठेवत नाही. दरवाजा बघायचा सोडून आधी गाडीखाली शिरला. बाहेर आला तो हसतच. म्हणाला, साहेब, बाळासो दिवाळी पाडव्याच्या शर्यतीच्या तयारीला रोज म्हस पळवतोय, म्होरं बिनसायलेन्सरची बुलेट, मागनं बिजली. तुमच्या गाडीचा आवाज डिट्टो त्याच्या बुलेटवानी येतोय की. तिला वाटलं मालक आला!
म्हणजे एका मुक्या जनावराने मला बाळासो समजावं. अपमानाला काही सीमा?
पण मुद्दा कामाचा आहे. चूक म्हशीची, तीही ओळख पटवण्यातली. क्लेममध्ये घालणार.
सर्व्हेअर बघून जाईपर्यंत हुसेन पान्याला हात लावणार नाही म्हणतो.

सोमवार, १५ सप्टें.
सर्व्हेअर आली. हो, आली. आफशीन मुजावर, वय असेल अठ्ठावीस. डोक्याला हेल्मेट, पाठीला सॅक, हातात मोबाईल. मी तिला समोर बसवून घटनाक्रम सांगायला सुरुवात केली. ती गाडीचे फोटो काढत राहिली. दरवाज्याचे दोन, मागच्या बाजूचे चौदा. प्रमाण बघा.
मग म्हणाली, काका, चूक कुणाची ते आम्हाला लागतच न्हाय. फुल इन्शुरन्स हाय तुमचा. फॉर्मवर एक ओळ लिवा, गाडी मागे घेताना माझ्याकडून भिंतीला धडकली, आन सही करा. चार दिवसांत पास.
मी तिला विचारलं, माझ्याकडून?
हो म्हणाली.
राधानगरीच्या रस्त्यावर बावीस वर्षं जीप. भर पावसात, दाट धुक्यात. एक ओरखडा नाही. आणि असा माणूस लिहून देणार, माझ्याकडून?
फॉर्म घेतला. सही केली नाही. सविस्तर निवेदन देतो, असं सांगितलं. तिने जांभई दिली. आजकाल कष्टाची सवयच राहिली नाही कुणाला.

बुधवार, १७ सप्टें.
निवेदन पूर्ण. अकरा पानं, दोन नकाशे. नकाशात म्हैस लाल शाईने. भिंतीचा उल्लेख फक्त पान नऊवर, तोही 'तदनंतर वाहनाचा एका अनधिकृत बांधकामाशी संपर्क आला' इतकाच. बघू कोण चूक काढतं.
हिला वाचून दाखवत होतो. पान दोनवर उठली. सकाळी भजनाला लवकर जायचंय म्हणाली. ऑगस्टपासून रोज सकाळी साडेसहाला भजन. पाऊण तासात परत. कसलं भजन हे? आमच्या आईच्या वेळी भजन चार चार तास चालायचं. शिवाय ही बूट घालून जाते. विचारायचा कंटाळा आला.

सोमवार, २२ सप्टें.
आफशीनचा फोन. निवेदन वाचलं, छान आहे म्हणाली. पण भिंतीला कोण धडकलं ते कळत नाही. तीच एक ओळ हवी.
आता साक्षीदार उभा करणे भाग. राधानगरीला जोतीरामला फोन केला. त्या काळात माझ्या हाताखाली होता. त्याला सांगितलं, माझ्या ड्रायव्हिंगबद्दल दोन शब्दांचं प्रमाणपत्र लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.
संध्याकाळी आलं. जसंच्या तसं उतरवतो: उदयसिंह साहेब बावीस वर्षे माझ्या शेजारच्या सीटवर बसले. वळणावर कधी ओरडले नाहीत. कारण झोपलेले असायचे. साहेबांसारखे साहेब होणे नाही.
जोतीराम शेवटी ड्रायव्हरच. प्रमाणपत्र कसं लिहितात हे त्याला काय ठाऊक? आणि जीप चालवणं म्हणजे फक्त स्टिअरिंग धरणं नव्हे. मार्ग ठरवणं, वेळ ठरवणं, जबाबदारी घेणं. ती कुणाची होती? माझी.
पाठवलं नाही.

गुरुवार, २५ सप्टें. दुपार
नवा विचार सुचला. कागद नको, प्रात्यक्षिक दाखवू. आफशीनला गंगावेशला बोलावलंय, संध्याकाळी सहा वाजता. गाडी टेस्टिंग म्हणून गॅरेजमधून काढणार. हुसेन नको म्हणाला, मागचा बंपर दोरीने बांधलाय म्हणाला. घाबरट माणूस. इंजिन चालू करायचं, म्हैस अंगावर येणार, सर्व्हेअर डोळ्यांनी बघणार. विषय संपला. बाळासोचं तोंड बघण्यासारखं होईल.

तोच दिवस. संध्या. ८.१५
प्रात्यक्षिक झालं.
तपशील लिहायची इच्छा नाही, पण रोजनिशी प्रामाणिक असावी. गाडी त्याच जागी लावली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. बिजलीने मान वर केली. कान टवकारले. दावं सुटलं. मी आफशीनला ओरडून सांगितलं, बघा, बघा!
म्हैस आली. धडकली नाही. हळू चालत आली, खिडकीतून आत डोकं घातलं आणि माझा कान चाटला. चेहराही. चष्मा गेला. चष्मा नसताना माणूस काय करणार? गाडी थोडी मागे गेली.
तीच भिंत.
दोरी तुटून बंपर रस्त्यावर पडला. दूध पीत उभ्या असलेल्या पंचवीस-तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बाळासोने चष्मा शोधून, शर्टाला पुसून दिला. म्हणाला, साहेब, तिला तुमी आवडलाय. दुधाचा ग्लासही पुढे केला. मी नको म्हणालो. मग प्यालो. दूध चांगलं होतं, हे मान्य करतो.
आफशीन फॉर्मवर लिहीत होती. वाकून पाहिलं. अपघाताचं कारण: प्रत्यक्ष पाहिले. आजच्या नुकसानीचा क्लेम यात बसायचा न्हाय म्हणाली, मुद्दाम केलेलं चालत न्हाय. आधीचा अजूनही होतो. सहीची जागा कोरी आहे. आठ ऑक्टोबरपर्यंत द्या, काका, न्हायतर फाईल बंद होतीया.
काका म्हणते. माझा आणि या मुलीचा काय संबंध?

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
गल्लीत सगळ्यांच्या गाड्या धुतलेल्या, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. समोरच्या हंबीररावने स्कूटर अशी सजवली की जणू विमान. मुद्दाम विचारलं, उदयसिंह, गाडी दिसत नाही? माणसाला दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवल्याशिवाय सोनं गोड लागत नाही.
हार घेऊन गॅरेजला गेलो. गाडी आतल्या बाजूला, चेहरा भिंतीकडे. बंपर वेगळा काढून कोपऱ्यात उभा केलेला. बंपरलाच हार घातला. हुसेनने स्वतः अगरबत्ती आणून दिली आणि काही बोलला नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, ७ ऑक्टो.
उद्या शेवटचा दिवस. फॉर्म समोर ठेवून बसलो. पेन घेतलं. 'गाडी मागे घेताना' इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द येईना.
खरं सांगायचं तर चावी गेली तर काय, हा प्रश्न आज पहिल्यांदा मनात आला. रिटायर झाल्यापासून सकाळी उठून जायचं कुठे? चावी हातात घेतली की आपण कुठेतरी निघालोय असं वाटतं. गंगावेशपर्यंत का असेना.
पण सही म्हणजे सही. एकदा लिहून दिलं की रेकॉर्डवर. पुढच्या पिढ्या वाचतील.
उद्या सकाळी फ्रेश डोक्याने ठरवू. फॉर्म टीव्हीवर ठेवला.

बुधवार, ८ ऑक्टो.
उठायला साडेनऊ झाले. फॉर्म टीव्हीवर नाही. ही म्हणाली, गाडी माझ्या नावावर आहे, फॉर्मवर सही मालकाची लागते, मी करून आफशीनला दिली. आरसी हिच्या नावावर आहे हे खरं. पन्नासाव्या वाढदिवसाला मीच घेऊन दिली होती. केवळ कागदोपत्री बाब.
विचारलं, ओळ काय लिहिलीस?
तेच, म्हणाली. तुमचं 'गाडी मागे घेताना' होतंच. पुढे लिहिलं, माझ्या नवऱ्याकडून भिंतीला धडकली. आणि शेवटी एक शब्द वाढवला. नेहमीप्रमाणे.
क्रांतीला इतकं हसू आलं की कागलची बस चुकली.

मंगळवार, १४ ऑक्टो.
क्लेम पास. नियमानुसार पास करून आणणारा मी नाही. पहिलं निवेदन माझं होतं, ते कुणी मोजत नाही.
हिला चालवता येत नाही, म्हणून चावी क्रांतीकडे जाणार असं धरून चाललो होतो. तिला समजावता येईल असंही ठरवलं होतं. पण चावी हिच्या पर्समध्ये गेली. म्हणालो, तुला काय करायची? तिने पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. नवीन आहे. फोटोही चांगला आलाय.
म्हणजे सकाळी साडेसहाचं भजन.
दोन महिने. माझ्या नाकाखाली. आणि ते बूट.

बुधवार, २२ ऑक्टो. दिवाळी पाडवा
गाडी आली. हुसेनने दरवाजा, डिकी, बंपर सगळं नव्यासारखं केलंय. सायलेन्सरही, मी न सांगता.
ही म्हणाली, चला, म्हशी बघायला जाऊ. स्टिअरिंगवर ही. शेजारी क्रांती. मी मागच्या सीटवर. सीटबेल्ट लावा म्हणाली, लावला. तिने गंगावेशला गाडी त्याच भिंतीपासून हातभर अंतर ठेवून एका झटक्यात लावली. मी सूचना द्यायला तोंड उघडलं होतं. सूचना शिल्लक राहिली.
समोरून बाळासो बुलेटवरून आला. मागे बिजली. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर झूल. मी काच खाली केली. इंजिन चालू होतं. चालू होतं हे मला काटा बघून कळलं, आवाज म्हणून नाहीच.
मी हळूच म्हणालो, बिजली.
तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बुलेटच्या मागे पळत निघून गेली.