बिनदाराचं कपाट

प्रिय धाकटे,

फ्लॅट ठेवायचा की विकून मोकळं व्हायचं, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू भराभर बेरजा करतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे लिहिणं.

आधी तुझ्या आवडीचं, हिशेबाचं. बँकेने व्याज वाढवल्यापासून हप्ता भाड्याच्या पुढे गेलाय. वर सोसायटीचा खर्च, घरपट्टी, दर भाडेकरूमागे रंगकाम आणि दलालाची दलाली. घेताना आपण बाराही महिन्यांचं भाडं धरलं होतं; मधले रिकामे महिने आपल्या डोक्यातच आले नाहीत. आता विकावं, तर कर्ज फेडून उरेल ते तू सुरुवातीला घातलेल्या पैशांपेक्षाही कमी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे.

बिल्डरच्या ऑफिसातला तो दिवस आठवतो? रस्त्याकडचा फ्लॅट महाग, म्हणून आपण मागचा घेतला. त्याची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. तू कुरकुरलीस, तर मीच म्हटलं, "आपल्याला थोडंच राहायचंय तिथे!" मग त्या एका वाक्यावर आपण सगळं घर उरकलं. नळ स्वस्तातले, फरशी डाग न दिसणारी, कपाट बिनदाराचं. मिस्त्री बिचारा दोनदा विचारून गेला, ताई, दारं नकोत का? शिवणकाम करणारी ती शेवटची भाडेकरीण दिवसाढवळ्या दिवा लावून बसायची. बिल फार येतं, म्हणाली एकदा. ते तुमचं तुम्ही बघा, असं मी ऐकवलं.

ती सोडून गेल्यावर मी झाडलोट करायला गेले. केर काढून झाला, तरी पाय निघेना. भिंतीला टेकून नुसती बसून राहिले. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण कुणी हाकही मारत नव्हतं. चहा असा का, इतका वेळ कुठे उलथली होतीस, काही नाही. घरी परतताना जिन्यात नेहमीसारखी छाती धडधडायला लागली, तेव्हा कळलं की तिथे ती धडधड थांबली होती. तुझ्या भाऊजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते तू कधी खोदून विचारलं नाहीस, हे तुझे उपकार. मागे डोळा सुजला तेव्हा कपाटाचं दार लागलं, असं मी ऑफिसात सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. आपल्या फ्लॅटमधल्या कपाटाला दार नाही, हे त्या दिवशी तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, आणि मला हसू आलं. मग रडू.

तर, दलालाला फोन करू नकोस. भाडेकरू मिळालीय. बाई एकटी आहे, नोकरी कायमची, सामान फार नाही. तुझ्या वाटणीचं अर्धं भाडं आणि बँकेचा हप्ता, दोन्ही ती पगारातून भरेल. ओढाताण होईल, पण भरेल. रिकामा महिना आता पडायचा नाही. अर्धी मालकीण तू आहेस, म्हणून विचारते, ठेवशील ना तिला? दिवसाही दिवा लावावा लागेल, तिला माहीत आहे. बिल तिचं ती बघेल.

तुझीच,
ताई