अंधारातला हात

४ फेब्रुवारी
ताईला रात्री का दिसत नाही ते आज कळलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूसारख्या – त्या उजेडात चालतात, रंग नि बारकावे दाखवतात. दांड्यासारख्या – त्या अंधुक उजेडात चालतात, कडेचं दाखवतात. ताईच्या दंडपेशी मरत चालल्यात. पुन्हा येणार नाहीत.

बाहेर भर उन्हात आल्यावर ताईचं पहिलं वाक्य – "बाहीला वेगळ्याच रंगाचा दोरा लावलायस. गबाळी ती गबाळीच."

शंकू शाबूत आहेत तिचे.

९ फेब्रुवारी
नाटक कंपनीत कुणाला कळता कामा नये – आईने शपथ घातलीय. ताई राणीचं काम करते. दुसरा प्रवेश संपला की दिवे जातात, तेव्हा तिने उंच चौथऱ्यावरून पायऱ्या उतरून विंगेत यायचं. म्हणजे मी हात धरून आणायचं. मी तिची बदली नटी. ताई आजारी पडली तर राणी मी.

ताई आजारी पडत नाही.

१० फेब्रुवारी
दिवे जायच्या आधी मी चौथऱ्यामागे डोळे घट्ट मिटून उभी राहते. प्रखर उजेडातून आलं की दंडपेशींना जाग यायला वेळ लागतो म्हणे. माझ्या आधीच जाग्या. बाकीचे चाचपडतात, मला पायरीची कडसुद्धा दिसते.

ताईचा हात गार, घामेजलेला. मनगट सोडेना. गंमत वाटली. खरंच, गंमतच.

१७ फेब्रुवारी
तालमीत ताईने सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. माझी चाल, माझा बोबडा 'र'. दिग्दर्शकसुद्धा पोट धरून हसले. वर म्हणते, "कंपनीत आहे ती माझ्या जिवावर."

प्रयोगात दिवे गेले, की लगेच हात पुढे – "आहेस ना गं?"

आज मुद्दाम उशिरा 'हो' म्हटलं.

२३ फेब्रुवारी
हात दिला नाही.

दुपारचा प्रयोग होता. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. तिला मी दिसत नव्हते. मला ती अख्खी दिसत होती – लाल शालू, सोनेरी मुकुट, सगळं राखाडी. हात हवेत फिरत होता. "आहेस ना गं?" मी श्वास रोखून धरला.

तिने पाऊल टाकलं. ओंडका पडावा तसा आवाज आला.

२४ फेब्रुवारी
खुब्याचं हाड मोडलंय. मला पोचायला उशीर झाला, असं सांगितलं. आई म्हणाली, "तुझा काय दोष त्यात?"

संध्याकाळी राणी मी. टाळ्या तिच्याइतक्याच. खोटं कशाला – जास्तच.

६ मार्च
दवाखान्यात ताईला चमच्याने दूध पाजत होते. आई औषधं आणायला गेलेली.

ताई म्हणाली, "त्या दिवशी खोकल्याची गोळी होती तुझ्या तोंडात. वास आला मला."

"मग पाऊल का टाकलंस?"

"बघायचं होतं, धरतेस का."