पाण्यात सोडायचं घड्याळ

३ फेब्रुवारी ९६
पुण्याहून मागवलेलं पाणबुड्याचं जुनं घड्याळ आलं. डायलभोवतीची आकड्यांची कड फिरते, काटे जुने, पण डायल नव्यानं रंगवलेली. फसलो. जमवलेल्या बाकीच्या घड्याळांबरोबर डब्यात टाकलं. सौ.: "गळ्याच्या वर पाणी आलं की रामनाम सुरू तुमचं, आणि घड्याळं मात्र पाणबुड्यांची!" खरंय. बुडी मारता येत नाही त्यालाच हे कुतूहल.

५ फेब्रु.
रत्नागिरीच्या सरपोतदारबाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन इतक्या लांब उत्तरेत आल्या. एकट्याच. आमच्याकडेच उतरल्यात. नवरा नौदलात पाणबुड्या होता. चहा घेताना त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, त्यात घड्याळ. उलटसुलट करून पाहिलं. तीसेक वर्षांपूर्वीचं, स्विस. काळी अस्सल डायल, रेडियम पिवळं पडलेलं, मागे नौदलाचा नंबर. असं फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलंय.
"अस्थींबरोबर हेही सोडायचं. त्यांनीच सांगून ठेवलंय," बाई म्हणाल्या.

६ फेब्रु.
सोडायचं!! सकाळपासून पूजेत लक्ष नाही.
आम्हा उपाध्यांची एक पिढीजात सोय आहे. मृताची वापरातली वस्तू ब्राह्मणाला दान द्यावी, एवढं म्हटलं की पुरे. खोटंही नाही ते. किती छत्र्या, किती कांबळी आली या घरात. बाई वाद घालणार नाहीत.
संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "गुरुजी, शास्त्राला चालेल ना?"
अगदी तोंडाशी आलं होतं. म्हणालो, उद्या सांगतो.

७ फेब्रु.
सकाळी बाईंपुढे डबा उघडला. म्हटलं, मला ते घड्याळ हवंय, तेव्हा शास्त्र मला विचारू नका. बाई हसल्या. एकेक घड्याळ उचलून बघितलं. मग म्हणाल्या, "तळाशी किती दिवस चालेल हो ते?"
म्हटलं, ऑटोमॅटिक आहे. मनगट हललं की चावी आपोआप भरते. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद. पण प्रवाहानं हलत राहिलं तर? असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.
"मग सोडू या," म्हणाल्या.
बालाजी घाटावरून आमच्या नेहमीच्या नावाड्याची, रामधनी मल्लाहाची होडी केली. मंत्र मी म्हटले, आवाज नीट होता. अस्थी सोडल्या. मग बाईंनी घड्याळ हलवून चालू केलं, कानाला लावलं, माझ्याही कानाला लावू दिलं, आणि सोडलं. जाताना जरा चमकलं. फार वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला लिहू.

१० फेब्रु.
बाई काल गेल्या. घड्याळ आतापर्यंत थांबलं असेल. किंवा नसेल. जेवतानाही तेच डोक्यात. सौ. म्हणते, आमटीत बोट बुडवून बसलात.

१४ फेब्रु.
घाटावर रामधनी जवळ आला, इकडेतिकडे बघत. "गुरुजी, ऊ घड़ी निकाल दें? जगह हमको याद है। अभी पानी भी कम है।"
काढून आणलं आणि कानाला लावून बघता आलं तर कळेल तरी, चालू की बंद. तेवढंच बघायचं, लगेच परत सोडायचं. असं मी मलाच सांगतोय, आणि मला मी चांगला ओळखतो. बाईंना कधी कळणारही नाही. हेच तर वाईट.
"परसों बताएँगे," म्हणालो.
सौ.ला अजून बोललो नाही.