वळणावरचे नऊ मीटर

१८ डिसेंबर, गुरुवार
सुषमाचे आठशे मीटर आज सिंथेटिक ट्रॅकवर पुन्हा २:२२. परवा आपल्या गावच्या मैदानावर २:१९. हे तिसऱ्यांदा. घरच्या मैदानावर वाघीण, बाहेर गेली की मांजर. परतीच्या बसमध्ये सगळ्या पोरींसमोर बोललो, "तुला पाय आहेत, काळीज नाही." चोपडे गावची पोर, आई मासळी विकते, एरवी तोंडाला तोंड देणारी. आज एवढेच म्हणाली, "सर, मी भियाक नाय," आणि पेडणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. निवड चाचणी २८ला, त्याच ट्रॅकवर.

१९ डिसें.
सु. सरावाला आली नाही.

२० डिसें.
आजही नाही. बाकीच्या पोरी उगीच बुटांच्या नाड्या बांधत बसल्या. कोणी माझ्याकडे बघेना.
रागातच जुन्या वह्या काढल्या. सु.ला आकडे दाखवावेत म्हणून. पण गंमत वेगळीच. एकटी सु. नाही, बाहेर नेलेले प्रत्येक पोर मागे पडलेय. धीट असो, रडके असो. पहिल्या वहीत दीड सेकंद, मधल्या वहीत दोन, आता तीन. भीती अशी मापात वाढते होय?

२१ डिसें., रविवार
गवंडी रमाकांतचा टेप आणला. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत मैदानावर हजर. दुसरे टोक धरायला बायको. आतल्या रेघेपासून वीस सेंटीमीटर बाहेरून मोजायचे, तसा नियम. एक फेरी ३९१. टेप वाकला असेल म्हणून पुन्हा. ३९१. बायको कंबर धरून, "इतकी वर्सां कोणी मोजूक नाय, आताच कित्याक?"
तेच तर! चारशे हवे. बावीस वर्षे चुना मीच मारतो, आणि टेप लावला नाही एकदाही.

२२ डिसें.
दोन फेऱ्यांत अठरा मीटर कमी. सु.च्या वेगाने अठरा मीटर म्हणजे तीन सेकंद आणि वर थोडे. म्हणजे पोर दोन्हीकडे तंतोतंत सारखीच धावत होती.
खोटे कशाला लिहू, आधी मजा वाटली. उत्तर जुळले ना! मग बसमधले आठवले. फार लाज वाटली.
पण नऊ मीटर गेले कुठे?

२३ डिसें.
सापडले. देवळाकडचे वळण. देवळाच्या जत्रेत, दहिकाल्याला, तिथे मांडव पडतो, दशावतारी नाटक होते. मांडव सुटला की खांबांचे खड्डे राहतात. पोरांचा पाय मुरगळू नये म्हणून मी त्या वळणाचा चुना खड्ड्यांच्या चार बोटे आतून मारतो. पुढच्या वर्षी मांडववाले माझ्या रेघेपर्यंत जागा धरतात. परत खड्डे, परत मी चार बोटे आत. मांडव पुढे येत गेला, मी मागे सरत गेलो, आणि दोघेही म्हणणार की रेघ होती तिथेच आहे.
रेघेबाहेर साडेचार मीटरवर खणले तर मूळ आखणीचा चिरा लागला. तो धरून मोजले. बरोबर चारशे. वळण साडेचार आत आले की दोन्ही सरळ बाजू तेवढ्याच तुटतात, मिळून नऊ.

२४ डिसें.
दाढी करताना सुचले आणि हात थांबला. माझे आठशेचे १:५६.
याच मैदानावरचे, याच वळणावरून. शाळेच्या ऑफिसात पाटीवर आहे. त्याच्यावर नोकरी लागली. बाहेर मात्र धावलो तेव्हा प्रत्येक वेळी १:५७. सगळे म्हणायचे, हा बाहेर बुजतो. मीही मानले. शर्यती सोडल्या, शिट्टी घेतली.
पण पहिल्या वहीच्याही आधीपासून रेघ सरकत असेल तर?

२५ डिसें., नाताळ
माझ्या आधी चुना मारायचा तो शाळेचा शिपाई विठूमामा. आता वास्कोला मुलाकडे असतो. फोन केला.
"मामा, चुना खड्ड्यांच्या आतून मारायचात की बाहेरून?"
"आतसून रे! पोरांचे पाय मोडूक देऊ?"
"आणि मोजायचात?"
हसतच सुटला. "रेघ दिसता मरे, मोजूची कित्याक?"
माझ्या वर्षी किती आत होती, ते त्याला आठवेना.
सु.ला सांगायचे तर पाटीवरचेही सांगावे लागणार. नुसते तिचे सांगून भागेल का? दिवसभर हाच विचार.

२६ डिसें.
चोपड्याला गेलो. सु. अंगणात मासळीच्या पाट्या धूत होती. तिच्या आईसमोर सगळे सांगितले. नऊ मीटर, मांडव, चिरा. बसमध्ये बोललो ते चुकलेच, म्हटले. आई गोंधळून, "बसा सर, चा घेया."
सु.ने बोटांवर हिशेब केला.
"म्हणजे मी भियाक नाय."
"नाही."
"मगे तुमचा १:५६?"
"ठाऊक नाही. बहुतेक सत्तावन."
मला वाटले, हसेल. हसली नाही. पाटी उलटी करून निथळत ठेवली आणि म्हणाली, "मगे तुमी पण भियाक नाय, सर."
चहा कसा प्यालो, आठवत नाही. नदीकाठी थांबून रडलो. लिहून ठेवतो.

२७ डिसें., शनिवार
सु. आली. चिऱ्यापासून नवा चुना मारला, खड्डे बुजवले. मांडववाले बघून गेले. पुढच्या आठवड्यात दहिकाला, मांडव कुठे घालणार म्हणतात. बसून बोलू, म्हटले.
सु. नव्या रेघेवर एक हलकी फेरी धावली. देवळाच्या वळणावर सवयीने आत वळली, चुना बघून थबकली, बाहेर आली.
"सर, उद्या चाचणीक कितीचा वेग धरू?"
दरवेळी माझ्याकडे आकडा तयार असतो. आज नव्हता; माझे सगळे आकडे आखूड फेरीवरचे. ती उद्या किती धावेल, मला खरेच ठाऊक नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.